लाइट आली, पण कुणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कोकणात लाइट गेली याचं कुणाला नवल वाटत नाही. मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की ती जाते, जुलैत वारा सुटला की जाते. गणपतीच्या आरतीत जाऊ नये एवढीच आपली अपेक्षा असते. पण डिसेंबरची रात्र आहे, वारा नाही, पाऊस नाही, आकाशात चांदणं पडलं आहे, आणि लाइट गेली, तर माणूस बुचकळ्यात पडतो. अशाच एका डिसेंबरातल्या तीन दिवसांबद्दल मी आज बोलणार आहे. त्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती चूक चार लोकांना सांगावी, म्हणूनच मी हे भाषण करायचं कबूल केलं.

आमचं गाव खारेपाटण. मुंबई-गोवा महामार्गानं येताना रत्नागिरी जिल्हा संपतो आणि सिंधुदुर्ग सुरू होतो तिथलं हे गाव. शुक नदीच्या काठावर वसलेलं. एके काळी खाडीतून इथपर्यंत गलबतं येत, मोठा व्यापार चाले. शिलाहार राजा रट्टराज याचा शके ९३०चा, म्हणजे इसवी सन १००८चा ताम्रपट आमच्या गावाच्या नावानंच इतिहासात ओळखला जातो. आता गलबतं नाहीत. बाजारपेठ आहे, महामार्गावरची वाहतूक आहे, आणि आसपासच्या वाड्यांतली शेती-बागायती आहे.

माझं छोटं वर्कशॉप आहे. एक लेथ, एक ड्रिल मशीन, ग्राइंडर, वेल्डिंगचा सेट, आणि भिंतीला लागून एक लांब लाकडी टेबल, त्यावर दोन वाईस. वडिलांनी सुरू केलं, आता मी चालवतो. हाताखाली एक मुलगा आहे. पॉवर टिलरचे शाफ्ट, भाताच्या गिरणीचे बुश, शेताच्या फाटकाचे कब्जे, असं मिळेल ते काम आम्ही करतो. पण नोव्हेंबरपासून पुढे तीन महिने आमच्याकडे मुख्य काम एकच असतं, ते म्हणजे फवारणीचे पंप.

हे पंप का महत्त्वाचे, ते शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. हापूसची बाजारपेठ एप्रिल-मे महिन्यांत असते, पण त्या आंब्याचं भवितव्य ठरतं ते थंडीत. थंडी पडली की कलमांना मोहर येतो. बोंगे फुटायला लागले की त्यांच्यावर तुडतुडे येतात, मोहरातला रस शोषतात, आणि त्यांच्या चिकट विष्ठेवर काळी बुरशी धरते. शिवाय भुरी रोग असतोच. मोहर गेला की फळ गेलं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं मोहर संरक्षणासाठी फवारणीचं वेळापत्रक ठरवून दिलेलं आहे. कोणती फवारणी कधी करायची ते मोहराच्या अवस्थेवर अवलंबून असतं, आपल्या सोयीवर नाही. त्या आठवड्यात पंप बिघडला तर बागायतदाराला 'पुढच्या महिन्यात ये' असं सांगता येत नाही. पुढच्या महिन्यात फवारायला मोहर शिल्लक राहत नाही.

तर त्या डिसेंबरात आमच्याकडे नऊ पंप दुरुस्तीला आले होते. देवगडच्या बाजूचे, राजापूरचे, वैभववाडीकडचे. एका रात्री साडेनऊच्या सुमारास लाइट गेली. म्हटलं, येईल तासाभरात. सकाळी उठलो तरी नाही. दुपारी बातमी आली की डोंगरावर उभा वाळलेला ऐनाचा जुना वृक्ष रात्री मुळातून आडवा झाला, आणि पडताना ११ केव्हीच्या लाइनचे दोन खांब घेऊन गेला. जागा अशी, की तिथं गाडी जात नाही. नवे खांब माणसांनी खांद्यावर वाहून न्यायचे. दोन दिवस तरी लागणार.

एरवी थंडीत लाइट जाते ती वेगळ्या कारणानं. खांबावर तारा धरून ठेवणारे चिनीमातीचे इन्सुलेटर पावसाळ्यात धुऊन निघतात. पाऊस थांबला की त्यांच्यावर धूळ बसत जाते, खाडीकाठी खारा थर बसतो. पहाटे दव पडलं की ही धूळ ओली होते, ओल्या धुळीतून वीज वाट काढते, आणि इन्सुलेटर तडकतो. त्यामुळे थंडीत लाइट गेली तर ती बहुतेक पहाटे जाते. सूर्य वर आला, दव वाळलं, की वायरमन कुठला इन्सुलेटर फुटला ते शोधतात. हे सगळं सकाळच्या चार-सहा तासांत निभतं. दोन-तीन दिवसांचा अंधार मात्र आम्हाला नवा होता.

भारनियमनाचे दिवस तुम्हाला आठवत असतील. साधारण २००५ ते २०१२ या काळात ग्रामीण महाराष्ट्रानं ते चांगलंच सोसलं. पण भारनियमनाला वेळापत्रक होतं. सकाळी कधी जाणार, संध्याकाळी कधी येणार हे आधी कळायचं. आम्ही लेथचं काम त्या वेळा बघून लावायचो, रात्री उठून शाफ्ट उतरवायचो. चिडचिड व्हायची, पण हिशेब बसायचा. कधी येणार तेच माहीत नसलं की हिशेब कसला मांडणार?

पहिल्या दिवशी सकाळी मी आणि आमचा मुलगा बंद लेथसमोर बसून होतो. बागायतदारांचे फोन येत होते. मी प्रत्येकाला एकच सांगत होतो, 'लाइट नाही हो, काय करणार?' माझे वडील तेव्हा ऐंशीच्या घरात होते. ते खुर्चीत बसून हे ऐकत होते. शेवटी ते म्हणाले, "लाइट गेली, पण हात खंय गेले तुमचे?"

त्यांच्या या प्रश्नामागे एक जुनी आठवण होती. कोकणातल्या बऱ्याच घरांप्रमाणे आमचे वडीलही तरुणपणी मुंबईला गेले आणि एका कारखान्यात फिटरचं काम शिकले. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कोयनेची वीजनिर्मिती थांबली आणि इकडे मुंबईचा वीजपुरवठा तुटला. कामाला गेलेले कामगार बंद यंत्रांसमोर उभे राहिले. तेव्हा वडिलांच्या वस्तादांनी शिकाऊ पोरांना घरी सोडलं नाही. प्रत्येकाच्या हातात कानस दिली आणि लोखंडाचा एकेक चौकोनी तुकडा वाईसमध्ये लावायला सांगितला. चारही बाजू काटकोनात घासून दाखवा म्हणाले. वडील म्हणत, मी खरा फिटर त्या दिवसांत झालो.

त्यांचं बोलणं लागलं, आणि मग मी जे सकाळी आठलाच करायला हवं होतं ते अकराला केलं. नऊच्या नऊ पंप टेबलावर घेतले, खोलले, आणि कुठल्या पंपाला नेमकं काय हवं ते खडूनं लिहून काढलं. तेव्हा दिसलं ते असं. चार पंपांचं फक्त पॅकिंग आणि वॉशर गेलं होतं. पाणी गळत होतं, दाब येत नव्हता. ते बदलायला पाना आणि हात पुरतात. दोन पंपांच्या व्हॉल्व्हवर खड्डे पडले होते. व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये ग्राइंडिंग पेस्ट लावून हातानं गोल घासत बसलं की ते पुन्हा नीट बसतात. वेळ लागतो, वीज लागत नाही. उरलेल्या तीन पंपांचे शाफ्ट झिजले होते. ते वेल्डिंगनं भरून लेथवर उतरवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

म्हणजे नवातले सहा पंप लाइटसाठी अडलेलेच नव्हते! ते लाइटसाठी अडले आहेत असं मी गृहीत धरलं होतं. आपण वर्षानुवर्षं बटण दाबून काम करतो आणि कुठलं काम खरोखर बटणाचं आहे हे विसरून जातो.

मग वडिलांची जुनी पेटी निघाली. हातानं फिरवायचं ड्रिल, टॅप-डायचा संच, निरनिराळ्या दातांच्या कानशी, छिन्न्या. पेटी वर्षभर उघडली नव्हती. त्यामुळे पहिला तासभर धार लावण्यात आणि गंज काढण्यात गेला. हाही एक धडाच. अडीअडचणीला ठेवलेलं हत्यार अडचण येण्याआधी धारेला लावायला हवं. एका पंपाच्या तुटलेल्या पट्टीला गॅस वेल्डिंगनं सांधलं. त्याला सिलिंडर लागतात, वीज लागत नाही. ड्रिलनं पाच सेकंदांत पडणारं भोक हातानं पाडायला पाच मिनिटं लागली. आमचा मुलगा कंटाळला. त्याला मी गंमतीनं म्हटलं, "आपल्या गावचा ताम्रपट कोरणाऱ्याकडे खंय होती लाइट?" तो हसला आणि पुन्हा ड्रिलचा दांडा फिरवायला लागला. संध्याकाळपर्यंत चार पंप तयार झाले.

थंडीत दिवस लहान असतो. सहाला काळोख पडतो. गॅसबत्तीच्या उजेडात वॉशर बसवता येतो, पण माप घेता येत नाही. मायक्रोमीटरवरची रेघ नीट दिसली नाही तर काम वाया जातं. म्हणून आम्ही ठरवलं की मापाची कामं सकाळी दहा ते चार, आणि खोलणं, धुणं, जोडणं हे आधी आणि नंतर. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सहा पंप पुरे झाले.

इथवर सगळं बरं चाललं होतं. चूक झाली ती उरलेल्या तीन पंपांपायी.

त्या तिघांतला एक पंप देवगडकडच्या एका बागायतदारांचा होता. वयस्कर माणूस. स्वतःची कलमं थोडी, बाकी कराराने घेतलेली. कराराचे पैसे आधीच देऊन झालेले. त्यांनी फोन केला, आवाज पडलेला होता. म्हणाले, मोहरावर तुडतुडा दिसायला लागला आहे. दोन दिवसांत फवारणी झाली नाही तर वर्ष गेलं. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी पंप घेऊन जा. आणि शब्द दिल्यावर मंडपवाल्याकडून जनरेटर भाड्यानं आणला. १५ केव्हीएचा, तीन फेजचा, डिझेलचा.

जनरेटर बाहेर पडवीच्या टोकाला ठेवला. आमचा मुलगा म्हणत होता, थंडी आहे, आवाजही फार, आत घेऊ आणि दार लावू. ते मात्र मी ऐकलं नाही. बंद खोलीत इंजिन चालवलं की धुरातला कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गुंगी येते आणि तो उठत नाही. हे मला ठाऊक होतं.

दुसरीही एक गोष्ट ठाऊक होती. जनरेटरची केबल मी मेन स्विचच्या अलीकडे, म्हणजे वर्कशॉपच्या बोर्डाकडे जाणाऱ्या तारांना जोडली. अशी जोडणी केली की मेन स्विच खाली, म्हणजे बंद असायलाच हवा. नाही तर जनरेटरची वीज वर्कशॉपमध्ये येते तशी उलट्या वाटेनं मीटरमधून बाहेर खांबावरही जाते. मी मेन खाली केला. स्वतःच्या हातानं केला. पण तो का खाली आहे, हे मी कुणालाही सांगितलं नाही, त्याला कुलूप घातलं नाही, त्यावर साधी चिठ्ठीही लावली नाही. घाईत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी जनरेटर सुरू झाला. वेल्डिंग आधीच करून घेतलं होतं, आता लेथवर पहिला शाफ्ट लावला. लेथ सुरू होताना जनरेटर क्षणभर दबला. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते, त्यामुळे तसं होतं. मग काम सुरळीत लागलं. साधारण अकराला मला जाणवलं की जनरेटरचा आवाज बदलला आहे. जरा जड, घुसमटल्यासारखा. मी मान वर केली तेवढ्यात शेजारच्या घरातून पोरांचा ओरडा ऐकू आला, "लाइट इली! लाइट इली!"

मलाही आनंद झाला. म्हटलं, सुटलो. पुढच्या पाच-सात मिनिटांत शाफ्टचा शेवटचा कट घेतला. आणि अचानक जनरेटरनं एक धक्का खाल्ला, ब्रेकर पडला, लेथ थांबली. शेजारचे दिवेही गेले. मी जनरेटरला दोन शिव्या हासडल्या आणि ब्रेकर पुन्हा उचलायला निघालो. मग थबकलो. जनरेटर माझा पडला, तर शेजारचे दिवे का गेले?

मी वळून मेन स्विचकडे बघितलं. तो वर होता.

आमच्या मुलाला विचारलं. तो साधेपणानं म्हणाला, "लाइट इली काय बघूक मेन वर केलंय." त्याची काय चूक? घराघरात आपण तेच करतो.

पाऊण तासानं मोटारसायकलवरून वायरमन आला. आमच्याच वयाचा, ओळखीचा. गाडी लावली आणि दारातूनच विचारलं, "तुझो जनरेटर चालू होतो काय रे?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती. तो आत येऊन बाकावर बसला. पाणी मागितलं. तांब्या हातात घेतला तेव्हा त्याचा हात थरथरत होता. मग त्यानं सांगितलं. डोंगरावर खांब उभे झाले होते, तारा ओढायच्या होत्या. लाइन बंद आहे हे सगळ्यांना माहीत होतं, सबस्टेशनमधून परमिट घेतलेलं होतं. तरीही कामाला हात घालण्याआधी त्यानं नियमाप्रमाणे डिस्चार्ज रॉड घेतला. हा एक लांब काठीला लावलेला आकडा असतो. त्याची तार जमिनीत पुरलेल्या सळीला बांधतात आणि आकडा लाइनच्या तारेवर टाकतात. लाइनमध्ये चुकून वीज असली तर ती जमिनीत जावी म्हणून. आकडा तारेला लागला आणि मोठी ठिणगी उडाली. त्याच क्षणी इथं माझा ब्रेकर पडला होता.

तो म्हणाला, "रॉड टाकलंय म्हणान आज तुझ्यासमोर उभो आसंय."

मला बोलायला शब्द सुचले नाहीत. मी दुसऱ्याच्या बागेचं वर्ष वाचवायला निघालो होतो, आणि डोंगरावर एका माणसाचं आयुष्य माझ्या एका स्विचवर लटकत होतं.

श्रोतेहो, हे कसं होतं ते नीट समजून घ्या, कारण बऱ्याच जणांना वाटतं की छोट्या जनरेटरनं काय होणार! आपल्या गावात ज्याला डीपी म्हणतात तो ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टची वीज घेतो आणि ती उतरवून आपल्या घराला २३० व्होल्ट देतो. मायकेल फॅरडेनं १८३१ साली जे तत्त्व दाखवलं त्यावर तो चालतो. या तत्त्वाला उलटसुलट काही नाही. वरून ११ हजार दिले तर खाली २३० मिळतात, आणि खालून २३० दिले तर वर ११ हजार होतात. आपल्या घरातला जनरेटर चुकून लाइनला जोडला गेला, तर आपल्या डीपीच्या डोक्यावर जीवघेणा दाब उभा राहतो. तार तुटलेली असेल तर तुटलेल्या टोकापर्यंत तो जातो. म्हणजे दुरुस्तीचं काम करणारा माणूस जिथं हात घालणार, नेमका तिथंच.

काही जण म्हणतील, गावाचा भार आला की छोटा जनरेटर लगेच बंद पडेल. पुष्कळदा पडतो. पण आमच्या डीपीवर एक भातगिरणी आणि थोडीच घरं. गिरणी बंद, घरांत दिवसाचे एक-दोन दिवे. तेवढा भार त्यानं आरामात ओढला. पाच-सात मिनिटं ओढला. माणूस जायला एक सेकंद पुरतो.

त्या दिवशी मी जनरेटर पुन्हा लावला नाही. वायरमननं बंद कर म्हणून सांगितलं नाही, माझीच हिंमत झाली नाही. देवगडच्या त्या बागायतदारांना फोन करून खरं काय घडलं ते सांगितलं. मग एक गोष्ट सुचली, जी खरं तर पहिल्या दिवशीच सुचायला हवी होती. जे सहा पंप तयार झाले होते, त्यांतल्या वैभववाडीच्या एका गृहस्थांच्या बागेत मोहर अजून फुटायचा होता. त्यांना फोन केला. म्हटलं, तुमचा पंप चार दिवस दुसऱ्याला देऊ का? ते म्हणाले, "देवा की! त्यात विचारायचं काय?" संध्याकाळी तो पंप देवगडच्या रस्त्याला लागला, आणि फवारणी वेळेत झाली. जनरेटरची गरजच नव्हती. एक फोन पुरला असता.

लाइट त्याच रात्री आली. खरी लाइट. पण ती आल्यावरही आम्ही लगेच लेथ लावली नाही. दुरुस्तीनंतर कधी कधी तीनपैकी एक फेज नीट जोडलेली नसते. अशा वेळी तीन फेजची मोटर फिरत नाही, नुसती घुमते, आणि थोड्या वेळात वाइंडिंग जळतं. म्हणून आधी बोर्डावरचे लाल, पिवळा, निळा हे तिन्ही दिवे सारखे लागले आहेत ना ते बघायचं. दुसरं, लाइट गेली त्या क्षणी कोणती यंत्रं चालू होती ते आठवायचं. लेथच्या स्टार्टरमध्ये नो-व्होल्ट कॉइल असते, त्यामुळे लाइट गेली की तो सुटतो आणि लाइट आली तरी आपोआप लागत नाही. ग्राइंडर आणि हातातलं ड्रिल यांना ती सोय बहुतेक नसते. बटण चालू राहिलेलं असेल, कुणी तिथं हात ठेवलेला असेल आणि लाइट आली, तर बोटं जातात. लाइट गेली की पहिलं काम सगळी बटणं बंद करण्याचं. मेणबत्ती त्यानंतर शोधायची.

त्यानंतर आठवड्याभरात मी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घेतला. हा स्विच असा असतो, की त्याचा दांडा एक तर लाइनकडे असतो किंवा जनरेटरकडे. दोन्हीकडे एकाच वेळी राहूच शकत नाही. माणसाच्या आठवणीवर किंवा शहाणपणावर काही सोडायचं नाही, हे त्याचं वैशिष्ट्य. विद्युत सुरक्षेच्या नियमांतही जनरेटर आणि लाइन एकमेकांपासून अशी वेगळी ठेवण्याची अट आहे. त्याला झालेला खर्च माझ्या जनरेटरच्या दोन-चार दिवसांच्या भाड्याएवढा. एवढ्या पैशांसाठी मी इतकी वर्षं थांबलो होतो.

आता यातली एक गोष्ट तुमच्या घरापर्यंत येते. २०२४ साली केंद्र सरकारची घरावरच्या सौर पॅनेलची सूर्यघर योजना सुरू झाली, आणि आमच्याकडेही छपरांवर पॅनेल दिसायला लागली. लोक मला येऊन विचारतात, "ऊन लख्ख पडलंय, पॅनेल चांगलं आहे, मग लाइट गेली की सोलरसुद्धा बंद कसं होतं? फसवलं का आम्हाला?" कुणी फसवलेलं नाही. लाइनला जोडलेल्या सोलरचा इन्व्हर्टर मुद्दामच तसा बनवलेला असतो. लाइन मेली हे कळताच तो स्वतःला बंद करतो. कारण तो चालू राहिला, तर त्याची वीज खांबावर जाईल आणि तिथं कुणीतरी काम करत असेल. जी अक्कल मला ठिणगी उडाल्यावर आली, ती त्या यंत्रात आधीच घातलेली आहे. लाइट गेल्यावरही सोलर हवं असेल तर बॅटरी आणि लाइनपासून वेगळं करणारी व्यवस्था लागते. ती जाणकाराकडूनच करून घ्या. कुणी म्हणेल, एक तार इकडून तिकडे टाकली की झालं, तर त्याला चहा पाजा आणि परत पाठवा.

आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर आता खडूनं नाही, ऑइलपेंटनं तीन ओळी लिहिल्या आहेत. लाइट गेली की सगळी बटणं बंद. मग काम वाटा : हाताचं कोणतं, यंत्राचं कोणतं. आणि जनरेटर लावण्याआधी दांडा बघा, आणि तो बघितल्याचं दुसऱ्याला सांगा. तिसरी ओळ आमच्या त्या मुलानं लिहिली आहे. अक्षर चांगलं नाही, पण मी ते पुसून पुन्हा लिहिलेलं नाही.

वडील पुढे दोन वर्षांनी गेले. त्यांची पेटी आता टेबलाखाली नसते, टेबलावर असते, आणि महिन्यातून एकदा कानशी साफ होतात. तो वायरमन अधूनमधून चहाला येतो. त्या दिवसाबद्दल आम्ही फारसं बोलत नाही. पण लाइट गेलेली असली आणि तो खांबावर चढायचा असला की आधी मला फोन करतो. "दांडो खंय आसा?" एवढंच विचारतो. मी उठून जातो, डोळ्यांनी बघतो, मग सांगतो. बसल्या जागेवरून कधी सांगत नाही.

तुमच्याही घरात, दुकानात, मंडपात, गिरणीत जनरेटर असेल. उद्या सकाळी उजेडात त्याची जोडणी एकदा कुणा जाणत्याला दाखवा. आणि लाइट गेलेली असताना शेजारच्या पोरांनी 'लाइट आली' म्हणून आरोळी ठोकली, तर आनंद करण्याआधी एकदा विचारा, लाइट आली, पण कुणाची?